पोसणं आणि दत्तक

तिरोडा तालुक्यातल्या बोदलकशाच्या तलावावर भिजणाऱ्या धानाच्या बांधीचा धनी वारला, की पोसलेलं पोर आणि दत्तक यांतला फरक तलाठ्याच्या वारसनोंदीत दिसतो. दत्तकाचं नाव सातबाऱ्यावर चढतं, पोसलेल्याचं चढत नाही. याचं मूळ असं, की आपल्याकडे दत्तकाचे कागद मुलासाठी कमी आणि मालमत्तेसाठी जास्त झाले. तिरोड्याचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३मध्ये निपुत्रिक वारले. पाठोपाठ राजघराण्यानं दत्तक घेतलेला मुलगा डलहौसीनं वारस मानला नाही आणि १८५४मध्ये राज्य खालसा केलं. भांडण गादीचं होतं. मांडीवर बसलेल्या मुलाचं काय, हा प्रश्नच त्यात नव्हता. गरिबाघरचं अनाथ पोर तेव्हाही मामाकडे, काकाकडे विधीवाचून वाढायचं. याउलट जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४मध्ये एका ब्राह्मण विधवेचा यशवंत घरात घेतला, तो वतन राखायला नव्हे. तरी १८८७मध्ये जोतीरावांना त्याच्यासाठी मृत्युपत्र करावं लागलंच.

१९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, पण स्वतःचा मुलगा असलेल्याला दुसरा मुलगा घ्यायची मनाई राहिली. अनुसूचित जमातींना तो लागू नाही, म्हणजे इथली गोंड घरं रूढीवरच राहिली. बाल न्याय कायद्याचा रस्ता मात्र सर्वांना खुला आहे. केंद्राच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रतिपालक, म्हणजे मूल दत्तक न घेता सांभाळणाऱ्या, कुटुंबाला पाचऐवजी दोन वर्षांनी ते दत्तक मागायची मुभा दिली. खरी अडचण त्याच्या अलीकडे आहे. बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी मोकळं ठरवल्याशिवाय काही हलत नाही, आणि महिन्याला २,२५० रुपये देणाऱ्या बालसंगोपन योजनेतल्या पुष्कळ मुलांची आई किंवा बाप हयात असतो. कुणी म्हणेल, ही अडवणूक योग्यच. नाहीतर गरिबाचं मूल दुखण्यापायी, कर्जापायी कायमचं जाईल. हे मला मान्य आहे, आणि आईबाप परतण्याची आशा असेल तिथे घाई नकोच. पण वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नाही, तरी फाईल जागची हलत नाही, तिथे ही काळजी आईबापांचीही राहत नाही आणि मुलाचीही नाही. दुसरा आक्षेप गावाकडचा: माया असली की कागद कशाला? माया असतेच. पण अठराव्या वर्षी अनुदान थांबतं, म्हातारा वारतो, पुतणे फेरफाराचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जातात, आणि त्याच बांधीत रोवणी करत मोठ्या झालेल्या पोराला तलाठी विचारतो, तुमचं नातं काय?