बिघाड क्रमांक ५४

गटाचे पैसे भरताना मोबाईलवर मध्येच ‘त्रुटी’ असा शब्द येतो आणि पुढे एखादा आकडा. त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. मग आपण म्हणतो, आपल्यालाच जमत नाही. अशाच एका आकड्याची खरी हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. ती अमेरिका आणि कॅनडातली, १९८५ ते १९८७ या काळातली आहे.

कॅन्सरच्या पेशंटला किरण देतात, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात. त्यासाठी कॅनडाच्या एका सरकारी कंपनीने ‘थेरॅक-२५’ नावाचे यंत्र बनवले होते. ते संगणकावर चाले. आधीच्या यंत्रांत चुकीचा जोरदार झोत अडवायला वेगळी कळ असे. या यंत्रात ते काम बरेचसे संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोडले होते.

जून १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यात एका ६१ वर्षांच्या बाईला छातीच्या कॅन्सरनंतर शेक देत होते. तिने तिथेच सांगितले की आपल्याला भाजले. असे होणे शक्यच नाही, असे उत्तर तिला मिळाले. पुढे तिचे स्तन काढावे लागले आणि तो हातही निकामी झाला. पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या एका बाईच्या वेळी यंत्र सारखे थांबत होते आणि किरण गेलेच नाहीत असे दाखवत होते. चालवणारीने पुन्हा पुन्हा ‘पुढे चला’ची कळ दाबली. त्या बाईलाही भाजले.

मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी चालवणारी बाई कामात तरबेज होती. तिच्याकडून एक अक्षर चुकीचे पडले, ते तिने झटकन दुरुस्त केले आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर आले, ‘बिघाड ५४’. एवढेच. हे यंत्र असे आकडे दाखवून वरचेवर थांबायचे, म्हणून तिने नेहमीप्रमाणे ‘पुढे चला’ दाबले. आत झोपलेल्या माणसाला ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त किरण बसले. काही महिन्यांत तो गेला.

चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत या आकड्याचा उलगडा नव्हता. नंतर कळले, त्याचा अर्थ असा की मात्रा फार जास्त गेली किंवा फार कमी गेली! एकच आकडा दोन्हींसाठी. त्या काळी संगणकाची साठवण तुटपुंजी असे, म्हणून सांगायच्या वाक्याच्या जागी आकडा घालायची पद्धत होती, हे आम्ही समजू शकतो. पण ‘मात्रा तपासा, पुढे जाऊ नका’ एवढे लिहायला किती जागा लागली असती?

कंपनीच्या माणसांनी यंत्र तपासले. त्यांना तो बिघाड पुन्हा घडवताच आला नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि ११ एप्रिलला तीच चालवणारी, तोच आकडा, दुसरा पेशंट. तोही तीन आठवड्यांत गेला.

मग तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती चालवणारी यंत्रापुढे बसले. आपण कोणती कळ कशानंतर दाबली ते तिला आठवत होते. तिने तसेच पुन्हा पुन्हा करून पाहिले. गोम वेगात होती. माहिती भरून काही सेकंदांतच दुरुस्ती केली, तर पडद्यावर बदल दिसे, पण आतली जुळणी जुनीच राहत असे. सावकाश टाइप करणाऱ्या इंजिनिअरला हे सापडणार कुठून? सरावलेल्या बोटांनीच ते सापडले. आम्हाला या हकीकतीत सगळ्यात मोठी वाटते ती हीच बाई, पण तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

कंपनीचा पहिला उपाय काय होता माहीत आहे? दुरुस्तीसाठी मागे जाण्याची ती कळच उपटून काढा आणि तिथे चिकटपट्टी लावा! अमेरिकेच्या औषध प्रशासनाला हे पटले नाही. पुढे झालेल्या बदलांत झोत अडवणारी खरी कळ बसवली, मात्रेचा बिघाड आला की नुसत्या एका कळीने पुढे जाता येईना, आणि कोड्यात टाकणाऱ्या आकड्यांच्या जागी समजेल असे शब्द आले.