प्रथिनाची भावकी

'पहिला' या अगदी घरगुती शब्दाची व्युत्पत्ती पाहावी म्हणून टर्नरसाहेबांचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश एका दुपारी उघडला असता, प्राकृतातील 'पहिल्ल'च्या मागे त्यांनी तर्काने उभे केलेले 'प्रथिल्ल' हे रूप दृष्टीस पडले, आणि आहारशास्त्राच्या पुस्तकांतून रोज भेटणारे 'प्रथिन' मला एकाएकी परके वाटेनासे झाले. एका व्यंजनाचा काय तो फरक! तोपर्यंत माझी समजूत अशी होती की, कोणा परिभाषाकाराने इंग्रजी 'प्रोटीन'ला धोतर नेसवून आपल्या दप्तरी दाखल करून घेतले असावे. ती समजूत मी आता सोडली आहे. सबब ही कैफियत.

मूळ शब्दाचा जन्मदाखला सुदैवाने शाबूत आहे. हॉलंडातील रॉटरडॅम येथे रसायनशास्त्र शिकविणारा गेरिट यान मुल्डर हा रक्तातील फायब्रिन, रक्तद्रवातील अल्ब्युमिन आणि अंड्यातील पांढरा भाग यांचे पृथक्करण करीत असता अशा निष्कर्षास आला की, या सर्वांच्या पोटी एकच मूलभूत द्रव्य आहे आणि गंधक व स्फुरद यांची कमीअधिक जोड मिळून त्याचीच ही निरनिराळी रूपे होतात. त्याने हिशोबही मांडला : कार्बनचे ४००, हायड्रोजनचे ६२०, नत्राचे १०० आणि ऑक्सिजनचे १२० अणू, आणि वर गंधक-स्फुरदाची चिमूट. या द्रव्याला नाव सुचविले ते मात्र स्टॉकहोमच्या बेर्झेलियसने, १० जुलै १८३८ च्या पत्रात. वनस्पती जे सिद्ध करतात, तृणभक्षक प्राणी त्यांच्याकडून घेतात आणि मांसभक्षकांना पुरवितात, असे हे प्राणिपोषणातील अग्रगण्य द्रव्य, म्हणून ग्रीक 'प्रोटेइओस' म्हणजे अग्रस्थानीचा, यावरून 'प्रोटीन'. मुल्डरने त्याच साली ते नाव छापले आणि नामकरणाचे श्रेय शंभरावर वर्षे बहुतांशी त्याच्याच खात्यावर जमा राहिले; १९५० साली व्हिकरी या अमेरिकन रसायनज्ञाने पत्रव्यवहार पुढे मांडून ती नोंद दुरुस्त केली.

दुसरा एक पक्ष असे म्हणतो की, हे नाव प्रोटेउस या क्षणोक्षणी रूप पालटणाऱ्या ग्रीक समुद्रदेवतेवरून पडले. कल्पना मोहक खरी, कारण एकाच साखळीच्या घड्या कशा पडतात यावर प्रथिनाचे सारे कर्तृत्व अवलंबून असते. परंतु त्या घड्यांचे ज्ञान १८३८ साली कोणाला होते? पत्र हाती असताना देवतेची साक्ष काढण्याचे कारण नाही. शिवाय त्या देवतेचे नावही 'प्रोटोस' म्हणजे 'पहिला' यावरूनच आले असावे, असे मानणारे पंडित आहेत. म्हणजे वादी आणि प्रतिवादी अखेर एकाच वाड्यातले.

गंमत अशी की, खुद्द मुल्डरच्या देशात बाजारहाट करणारा मनुष्य आजही 'आयविट', म्हणजे अंड्याचा पांढरा, असेच म्हणतो. जर्मन 'आयवाइस'चा अर्थ तोच, आणि चिनी-जपानी नावांतही तेच अंडे येऊन बसले आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे पाहावे तर बंगाल्यांनी 'आमिष' म्हटले, तेलुगूत 'मांसकृत्तुलु' झाले, मल्याळीत 'मांस्यम्'. म्हणजे कोणी अंड्यावर थांबले, कोणी मांसावर. डाळभात खाणाऱ्याने आपल्या वाटीतल्या वरणाला मांसाचे नाव देणे मला तरी रुचत नाही.

आता 'प्रथिन'. केवळ नादाचे अनुकरण करावयाचे असते तर 'प्रोटिन' पुरेसे होते; येथे 'ओ'चा 'अ' आणि 'ट'चा 'थ' झाला आहे, आणि नेमके हेच दोन फरक शब्दाला 'प्रथम'च्या दारी आणून सोडतात. हा योगायोग आहे असे मी मानीत नाही. यावर कोणी म्हणेल की, 'प्रथ्' म्हणजे पसरणे, या धातूवरून 'पृथ्वी' आणि 'प्रथा' आले, तसेच साखळीसारखे वाढत जाणारे हे 'प्रथिन'. हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही, कारण परिभाषाकारासमोर बेर्झेलियसचा 'अग्रगण्य' हा अर्थ होता, पसरण्याचा नव्हे. वैयाकरणांची तक्रार मात्र मी मान्य करतो : संस्कृताच्या कायद्याने 'प्रथिन्' या रूपाची प्रथमा 'प्रथी' व्हावी, म्हणून धड आपले आणि शेपूट युरोपीय रसायनाचे, असेच हे प्रकरण आहे.

धड तरी कितपत आपले? 'प्रथम' आणि 'प्रोटोस' सख्खे भाऊ नव्हेत. 'पुढे' या अर्थाचे 'प्र' दोहोंच्या मुळाशी आहे, प्रत्यय निरनिराळे. अवेस्तेत 'फ्रतेम' असा 'त'च राहिला. संस्कृतात 'चतुर्थ' वगैरे मंडळींच्या संगतीने त्याचा 'थ' झाला असे सांगतात. म्हणजे चुलत घराणे, परंतु भावकी निःसंशय. (पहिलवानाला मात्र या भावकीत घेऊ नये. प्रथिनाचा तो मोठा भोक्ता असला, तरी ते फारसी 'पहलवान', आणि त्याचा संबंध 'पहिल्या'शी नसून पार्थव म्हणजे पह्लव लोकांशी आहे.)

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे : १९०२ साली फिशर आणि होफमाइस्टर यांनी अमिनो आम्लांच्या साखळीची कल्पना मांडली, सँगरने इन्सुलिनचे ५१ दुवे क्रमाने लावून दाखविले, आणि १९६१ पासून निरेनबर्ग, खुराना प्रभृतींनी ६४ त्रिअक्षरी संकेतांची लिपी उलगडली. पेशीच्या कचेरीत (ही पेशी संस्कृत, कोर्टातली फारसी) डीएनएच्या मूळ दस्तऐवजाची मुळाबरहुकूम नक्कल निघते, आणि रायबोझोम नावाचा कारकून ती तीन तीन अक्षरांनी वाचीत एकेक आम्ल ओवीत जातो.

मुल्डरचे ते मूलद्रव्य मात्र कोणाच्याच हाती लागले नाही. आरंभी त्याची तरफदारी करणारा लीबिग १८४६ च्या सुमारास उलटला : गंधकरहित असा पदार्थ निघतच नाही, असे त्याच्या गीसेनच्या प्रयोगशाळेचे म्हणणे पडले. मुल्डरने नीती आणि विज्ञान या दोन्ही कसोट्या लावून संतप्त उत्तर छापले. पण द्रव्य गेले ते गेलेच, नाव तेवढे राहिले. आणि रायबोझोम साखळी ओवावयास बसतो तेव्हा सहसा पहिला मणी म्हणून जे आम्ल उचलतो, ते मेथिओनिन, गंधकयुक्त आहे. पुष्कळदा साखळी पुरती होण्याच्या आतच तो पहिला मणी कापूनही टाकला जातो.