तारीख म्हणजे काय, हे किती वेळा ठरवायचे?

शाळेचे जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असे वेगवेगळे रकाने असतात. रकाने तीन, पण त्यांत लिहायची गोष्ट एकाच प्रकारची. दिवस ३१ च्या पुढे नको, महिना १२ च्या पुढे नको, वर्ष चार अंकी हवे. हे नियम प्रत्येक रकान्यासाठी वेगळे सांगायचे, की ‘तारीख’ हा प्रकार एकदाच ठरवून तिन्ही ठिकाणी नुसते त्याचे नाव घ्यायचे? प्रश्न साधा वाटतो. पण संगणकाच्या इतिहासात तो पन्नासहून अधिक वर्षे रेंगाळला आणि मध्यंतरी जगाला बराच महाग पडला.

सुरुवात पंच कार्डापासून करू. या कार्डावर छिद्रे पाडून माहिती नोंदवत. नेहमीच्या कार्डावर ८० अक्षरे मावत. जागा वाचवण्यासाठी १९६५ ऐवजी नुसते ६५ लिहिण्याची पद्धत पडली. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती, त्यामुळे ही काटकसर समजण्यासारखी होती. अडचण दुसरीच होती. ‘वर्ष म्हणजे दोन अंक’ हा निर्णय सहसा एका जागी नोंदलेला नसे. तो शेकडो प्रोग्रॅममध्ये आणि फाइलींच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा लिहिलेला असे, तोही निरनिराळ्या नावांनी. संगणकाला ते ‘वर्ष’ आहे हे ठाऊकच नव्हते. त्याच्या लेखी ती एक दोन अंकी संख्या होती.

१९७० मध्ये एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती साठवण्याची एक नवी कल्पना मांडली. कॉड मूळचे इंग्लंडचे. त्या वेळी ते अमेरिकेत सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, असे त्यांनी सुचवले. प्रत्येक रकान्यातील मूल्ये एका ठरावीक संचातून आलेली असतात. या संचाला त्यांनी ‘डोमेन’ म्हटले. त्यांचे एक उदाहरण पाहू. कोणत्या सुट्या भागापासून कोणता मोठा भाग बनतो, याचा तक्ता करायचा आहे. त्यातील दोन रकान्यांत भागांचेच क्रमांक येणार. म्हणजे संच एक, पण भूमिका दोन! म्हणून त्यांनी प्रत्येक रकान्याला भूमिकेचे वेगळे नाव दिले. आपल्या रजिस्टरातील तीन तारखांची गोष्ट हीच नाही का?

१९७६ मध्ये पीटर चेन यांनी हाच विचार आराखड्याच्या पातळीवर नेला. वस्तू, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांचे गुणधर्म यांच्या आकृत्या काढण्याची पद्धत त्यांनी दिली. गुणधर्म म्हणजे वस्तूंच्या संचापासून मूल्यांच्या संचाकडे जाणारे फलन, अशी त्यांची व्याख्या आहे. मूल्यसंच वेगळा ठरवलेला असल्याने तो अनेक गुणधर्मांना वापरता येतो.

याचा आणखी एक फायदा आहे. हजेरी क्रमांक आणि गुण या दोन्ही पूर्णांक संख्या आहेत. पण त्यांची बेरीज निरर्थक आहे. शिक्षकाला हे सांगावे लागत नाही, संगणकाला मात्र सांगावे लागते. दोन्हींचे प्रकार वेगळे असतील, तर अशी चूक पकडता येते.

कल्पना चांगली, पण ती व्यवहारात उतरायला वेळ लागला. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल. तिचे पहिले प्रमाण १९८६ मध्ये ठरले, पण त्यात डोमेन नव्हते. १९९२ च्या प्रमाणात ते आले, तेही काहीसे दुबळे: मूळ प्रकार आणि त्यावरचे नियम यांना एक नाव देता येई, पण हजेरी क्रमांक आणि गुण यांची बेरीज त्याने अडत नसे. अनेक प्रणालींनी तर ही सोय घेतलीच नाही. ओरॅकल या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत ती २०२३ मध्ये आली, म्हणजे कॉड यांच्या लेखानंतर ५३ वर्षांनी!

दरम्यान २००० साल जवळ आले. १९६५ मध्ये जन्मलेल्या माणसाचे वय काढताना दोन अंकी हिशेब ० वजा ६५ असा होणार, म्हणजे वय उणे ६५! हे टाळण्यासाठी जुन्या प्रोग्रॅमच्या असंख्य ओळी तपासून वर्ष कोठे कोठे दडले आहे ते शोधावे लागले. भारतातील सॉफ्टवेअर उद्योगालाही या शोधकामाने मोठा हातभार लावला. व्याख्या एका जागी असती, तरी साठवलेली जुनी माहिती बदलावी लागलीच असती. पण कोठे बदलायचे हे शोधण्याचे कष्ट पुष्कळ वाचले असते.

हा विषय वर्गात संगणकाशिवायही घेता येईल. विद्यार्थ्यांना एखाद्या कोऱ्या प्रवेश अर्जातील रकाने मोजायला सांगा. मग त्यांत मूल्यांचे प्रकार किती, हे विचारा. वडिलांचा आणि आईचा फोन क्रमांक हा एकच प्रकार की दोन? फोन क्रमांकांची बेरीज कोणी कधी करते का? मग ती ‘संख्या’ म्हणायची का? यावर मुलांचे एकमत होणार नाही. आराखडा करणाऱ्या तज्ज्ञांचेही होत नाही. म्हणूनच काय ठरले ते एकदा आणि एकाच जागी लिहून ठेवायचे असते.