लक्ष्मणराव किर्लोस्कर : गेलेलं आणि उरलेलं

संधीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते, 'आमच्या वाट्याला संधीच आली नाही.' आज या तक्रारीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून पाहू.

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराचे रंगच गेले, मग राहिलं काय? रेघ राहिली! यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव तेच शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. नोकरी गेली, पण यंत्रांची जाण कुठे गेली होती? बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला.

आता तुम्हाला वाटेल, नांगरावर शेतकऱ्यांच्या उड्या पडल्या असतील. छे! लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत. नांगर खपायला दोन वर्षं लागली. आपल्यापैकी किती जण दुसऱ्या वर्षापर्यंत थांबले असते?

आणि धंदा जरा रुळतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. या वेळी मात्र हातात उरलेल्यावर भागणार नव्हतं. कारखान्याला जमीन हवी, पैसा हवा. तिथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली, १० हजार रुपये बिनव्याजी दिले. हा भाग गाळून गोष्ट सांगू नये. कर्तबगारी असूनही असा हात न मिळाल्यामुळे मागे राहिलेली माणसं या देशात कमी नाहीत.

पण मिळालेली जमीन कशी होती? निवडुंगाने भरलेला उजाड माळ. पाहुणा म्हणून गेलेल्याला निवडुंग दिसला असता. लक्ष्मणरावांना शेजारचं रेल्वे स्टेशन दिसलं असणार, कारण लोखंड आणायचं आणि नांगर पाठवायचे, हा हिशोब त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

संधी ओळखणं म्हणजे काय, तर हेच. काही हातातून गेलं की आपण गेलेल्याचा हिशोब करत बसतो. लक्ष्मणराव उरलेल्याचा करत. आणि ज्यांच्याकडे द्यायला जमीन आहे, पैसा आहे, अधिकार आहे, त्यांनी बाळासाहेबांचाही विचार करावा. आपल्या दाराशी असा कुणी लक्ष्मणराव आला, तर आपल्याला तो ओळखू येईल का?