सडी स्वारी आणि बुणगे

घोडदळाच्या धावपळीतून मराठीत आलेले कित्येक शब्द आज घोड्यावर कधीही न बसलेल्या माणसाच्या तोंडी असतात. मजल-दरमजल, बिनीचा, लगाम सैल सोडणे ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. खोगीर फुगीर राहावे म्हणून त्यात चिंध्या, लोकर, जे हाती लागेल ते कोंबीत. त्यावरून निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती हे नाव पडले. याच कुळातले दोन शब्द मात्र आता बखरींच्या वाचकांपुरतेच उरले आहेत. ओझ्यावाचून निघालेला स्वार तो ‘सडा’, आणि मागून येणारे तंबू, बाजार, बैल, बायकामुले, न लढणारी माणसे हे सारे ‘बुणगे’. मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन शब्दांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

सूर्योदयापूर्वी निघून दिवेलागणीला उतरणाऱ्या स्वाराबरोबर काय असे? अंगावर ढाल-तरवार आणि हाती भाला. खोगिराखाली घोड्याची पाठ सोलू नये म्हणून घाशा, वरून घट्ट आवळलेला तंग. मागे टाकलेल्या खुर्जीत एका बाजूस स्वतःची शिदोरी, म्हणजे भाकरी, कांदा, भाजलेले हरभरे, गुळाचा खडा. दुसऱ्या बाजूस घोड्याची चंदी आणि ती खाऊ घालण्याचा तोबरा. आगाडी-पिछाडीचे दोर, मेखा, खरारा, विहिरीत सोडण्यासाठी दोरीसह लोटा, आणि एक घोंगडी. घोंगडी दिवसा खोगिरावर घडी करून घालता येई, पावसात डोक्यावर घेता येई आणि रात्री तीच अंथरूण-पांघरूण होई. भाला उशाशी रोवून आणि लगाम हाताशी ठेवून उघड्यावर निजणाऱ्या मराठा स्वाराची वर्णने इंग्रजांनीही केली आहेत. यादी एवढ्यावर संपते, आणि ती संपते हेच तिचे मर्म आहे.

कारण घोडा लहान होता. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले तट्टू काटक खरे, पण अंगाने बेताचे. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पंचमांशापेक्षा फार अधिक असू नये, असे आजचे अश्वारोहणाचे जाणकार मानतात. तीनशे किलोच्या तट्टाला या हिशेबाने साठ किलो भार पेलतो. तेवढा तर सडपातळ स्वार आणि त्याची हत्यारे यांतच संपतो. त्यावरचा प्रत्येक शेर घोड्याच्या पाठीतून आणि दिवसाच्या मजलेतून वजा होत असे. आपल्या घोड्यावर लढणाऱ्या शिलेदाराला तर घोडा मेला की पोटापाण्याचे साधनच गेले, असा प्रसंग होता.

पाण्याची गोष्ट निराळी, ते खुर्जीत भरता येत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी रचना सांगितली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार आहे आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद आहे. तरवार चालविणाऱ्यांच्या बरोबरीने पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा मोजला गेला, ही बाब सहज ओलांडून जाण्याजोगी नाही. तथापि उन्हातून चाललेला एक घोडाच दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो. एका पखालीवर पंचवीस घोडी भागणे शक्य नव्हते. नदी, ओढा, विहीर यांचे ज्ञान हेच खरे पाण्याचे सामान होते. १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडास पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडले ते याच ज्ञानावर. जड तोफांच्या लवाजम्याने चालणाऱ्या निजामाला आपल्यामागे ओढीत गोदावरीपार आणले आणि त्याचे पाणी व रसद तोडली. ६ मार्चला मुंगी-शेवगावास तह झाला. ज्वारीची कणसे हातावर चोळून खात घोडा हाकणाऱ्या बाजीरावांच्या चित्राची आख्यायिका सर्वपरिचित आहे. ती खरी असो वा नसो, तीत खुर्जी रिकामी आहे हे लक्षात घ्यावे.

पण कणीस आले कुठून? कोणाच्या तरी शेतातून. सड्या स्वारीची थोरवी गाताना आपले इतिहासलेखक इथे बहुधा थांबत नाहीत. खोगिरावर जे ओझे नव्हते, ते वाटेवरच्या रयतेच्या कणगीत आणि कडब्याच्या गंजीत होते. घोड्याला दिवसाकाठी सात-आठ किलो तरी वैरण लागते आणि ती कोणीही बरोबर नेत नसे. शिवछत्रपतींना या हिशेबाची दुसरी बाजू स्वच्छ दिसत होती. चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे व गवत जपून पुरवा, तळावर विस्तव आणि दिवे सांभाळा, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इथवर बारकाईने ताकीद आहे. तसे झाले तर तुम्ही कुणब्यांचे दाणे, भाकरी, भाजी लुटाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे.

१७३७ च्या मार्चअखेर बाजीराव दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले, तेव्हा जड बुणगे त्यांनी बुंदेलखंडात ठेवले होते. मोगल सरदारांच्या फौजा बगलेला टाकून, मोठमोठ्या मजला मारीत ते कसे पोहोचले, हे त्यांनी एप्रिलमध्ये चिमाजी अप्पांना लिहिलेल्या पत्रात सविस्तर आहे.

चोवीस वर्षांनी पानिपतावर हिशेब उलटा झाला. भाऊसाहेबांबरोबर तोफखाना होता आणि त्याखेरीज कुटुंबे, यात्रेकरू, बाजार असा अफाट जमाव होता. बुणगे चंबळेच्या अलीकडे ठेवून सडे लढावे, असा मल्हारराव होळकरांचा आणि सुरजमल जाटाचा सल्ला होता असे बखरी सांगतात. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त ठेवणाऱ्याला तो मानवणे अवघडच होते, म्हणून सारा दोष एकट्या भाऊंच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. अडीच महिने छावणी कोंडली गेली. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची आशा तुटली. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी घोड्यांवर उपाशी माणसे बसली.

त्या पळापळीत पाय जायबंदी झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने पाण्याच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. सभासदाच्या यादीतला तो पखालजीच म्हणावयाचा. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि पुढे सरदारी दिली.

सडेपणाची शेवटची आणि विकृत आवृत्ती म्हणजे पेंढारी. थोड्या भाकरी, घोड्याची थोडी चंदी, तंबू नाही, बुणगे नाही आणि दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल, असे एकोणिसाव्या शतकारंभीच्या एका इंग्रज टिपणात त्यांचे वर्णन आहे. वाटेवरच्या गावांची दशा काय झाली, ते माळव्यात निराळे सांगावयास नको.

नेमक्या त्याच सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. १८०९ मध्ये तीत राहिलेल्या ब्रौटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे छापली गेली आहेत. तीत सराफ, हलवाई, कापडवाले, गवई यांच्यासह एक चालते शहर दिसते. बिनीवाला पुढे जाऊन निशाणे रोवी आणि त्यांवरून मुक्काम व बाजार यांच्या जागा ठरत. १८१० मध्ये हे शहर ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली उतरले, आणि पुन्हा कायमचे हलले नाही. कनातींच्या जागी भिंती उभ्या राहिल्या, तरी वस्तीला नाव लष्कर हेच राहिले आणि तिच्या मोहल्ल्यांना कंपू, जिन्सी, शिंदे की छावनी.