वाद्याचे तोंड

आमच्या नशिराबादेत वरातीच्या बँडमध्ये क्लॅरोनेटचा मान मोठा. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्युरेंबर्गच्या डेनरने घडविलेले हे वाद्य इंग्रजी पलटणींबरोबर इकडे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या बँडचा 'ए' स्वर सेकंदास सुमारे ४५२ कंपनांचा होता. १९३९ सालच्या लंडन परिषदेने तो ४४० ठरविला. मग चढ्या स्वराच्या, आखूड बांधणीच्या जुन्या वाद्यांनी करावे काय? तोंडाचा भाग बाहेर ओढला, तर स्वर उतरतो खरा. पण आखूड नळीचे स्वर अधिक उतरतात, लांब नळीचे कमी, आणि वाद्याचे स्वतःशीच जमेना होते. दुसऱ्या वाद्याचे तोंड बसविले व त्याची आतील पोकळी मोठी निघाली, तरी तेच. म्हणून जुने क्लॅरोनेट विकत घेणाऱ्याने, मला वाटते, त्याचे मूळ तोंडही आवर्जून मागून घ्यावे.