कर्नाळ्यापुढील फळ्या

पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आंगठ्यासारखा उभा आहे. पुरंदरच्या तहानें १६६५ सालीं मोगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत हा एक. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजीच्या मावळ्यांनीं रात्रीं कडा चढून सिंहगड घेतला. तेथें तलवार चालली. त्याच सालीं कर्नाळ्यापुढें मात्र मराठ्यांनीं निराळें हत्यार निवडलें. तें कोणतें? माती आणि लांकडी फळ्या! इंग्रजी गॅझेटियरांत ही नोंद आहे. आपल्याकडे तिचें कौतुक थोडें. फळ्या पुढें धरावयाच्या, मातीचा बांध घालावयाचा, त्याच्या आडोशानें पुढें सरकावयाचें, कीं पुन्हां नवा बांध. यांत एकट्या शूराचें काम नव्हे. फळी ढळली तर माती टाकणारा उघडा पडे. अशा रीतीनें सरकत सरकत मराठे तटास भिडले आणि कर्नाळा स्वराज्यांत परत आला.